परतीची अर्धी वाट

१

आमच्या घरात सकाळ सुरू व्हायची ती हाकांनी. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मी उंडे घ्यायला फाटकाशी जायची आणि जाता जाता पहिली हाक मारायची. सेजल, ऊठ. परत येताना दुसरी. चहाला उकळी आली की तिसरी, तिला जरा धार असायची. मग साईश, म्हणजे माझा नवरा, तोंडात ब्रश धरून काहीतरी ओरडायचा. ते सेजलला कळायचं नाही आणि मलाही. शेवटी ही सहा वर्षांची पोर उठायची ती भांडायलाच. दुधावर साय आहे, मोजे टोचतात, वेणी घट्ट झाली, तू मला आवडत नाहीस. मी डिचोलीच्या हायस्कुलात गणित शिकवते. अख्खा वर्ग माझ्या एका नजरेत गप्प होतो, पण घरातली एक पोर मला कधी बधली नाही.

नोव्हेंबरनंतर सेजल पहिल्या हाकेला उठू लागली.

खरं तर हाकेच्याही आधी. मी दारात जाऊन तोंड उघडायच्या आत ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली असायची. "उठलंय गो आई," म्हणायची. सायीसकट दूध प्यायची आणि रिकामा पेला मला दाखवायची. दाखवताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. मी "शाबास" म्हटलं की मगच पेला मोरीत ठेवायची.

शेजारच्या प्रतीक्षाला भारी कौतुक. "काय जादू केलीस गो? आमच्या कार्ट्याक पण शिकव." मी हसायची. मला आनंद व्हायला हवा होता, आणि पहिला आठवडाभर झालाही.

मग एका संध्याकाळी वह्या तपासताना माझ्या लक्षात आलं की मला माझ्या पोरीची फार आठवण येतेय. आणि ती समोरच बसली होती, पाटीवर आकडे काढत.

२

नोव्हेंबरात आम्ही तेरेखोलला गेलो होतो. आमच्या मये गावाहून तेरेखोल, कुणीही शहाणा माणूस स्कूटरवर जाऊन येतो. पण सेजलला आगगाडीत बसायचं होतं आणि बोटीतही, आणि दोन्ही एकाच दिवशी. म्हापशाच्या एका एजन्सीत साईशला जोडतिकीट मिळालं. थिवीहून पेडण्यापर्यंत रेल्वे, तिथून बस केरीपर्यंत, केरीहून फेरीनं नदी ओलांडून तेरेखोल आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. "पायी प्रवाशांसाठी" असं त्यावर छापलेलं. फेरी चालत येणाऱ्यांना फुकट असते हे गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण माझा नवरा तिकीट काढून आला. मी त्याला दोन दिवस चिडवलं.

दिवस फार सुंदर गेला.

परतताना तेरेखोलच्या धक्क्यावर, उतारावरच्या शेवाळावर, सेजलचा पाय सरकला. माझ्या हातातून तिचा हात सुटला आणि ती पाण्याखाली गेली. फार वेळ नाही. फेरीवरच्या एका माणसानं उडी टाकली आणि तिला वर काढलं. एक सँडल पाण्यात गेलं, बाकी सगळी होती. खोकली, पाणी ओकली, डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. रडली मात्र नाही. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमची सेजल डास चावला तरी गाव गोळा करायची.

ओहोटी लागली होती आणि फेरी बंद झाली होती. मग कुणाच्या तरी गाडीत घालून तिला रेडी-आरोंद्यावरून, पुलावरून फिरवून, म्हापशाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, घरी न्या. आम्ही घरी आणलं.

३

फेब्रुवारीत कमलाक्षीताई आल्या. या साईशच्या थोरल्या बहीण, लाटंबार्श्याला असतात. काजूचं मोठं भाट, म्हणजे बागायत, आहे, आणि कामगारांवर ओरडून ओरडून आवाज असा झालाय की त्या कुजबुजल्या तरी शेजारी ऐकू जातं. सेजल त्यांना घाबरून दाराआड लपायची आणि मग दाराआडून वेडावायची.

या वेळी तिनं ताईंना वाकून नमस्कार केला आणि पाणी आणून दिलं. ताई पाणी प्यायल्या नाहीत. तांब्या तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"गो विनिता," त्या मला म्हणाल्या, "ह्या चेडवाक तुम्ही खयच्या वाटेन हाडलात?"

"आणलं? कुठून?"

"तेरेखोलसून."

"गाडीतून. आरोंद्यावरून."

"आणि गेल्लात?"

"आगगाडीनं. मग फेरीनं."

"मगे सोपा आसा," ताई म्हणाल्या. "ता थंय फेरीची वाट बघता."

मी हसले. हसले कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. ताई हसल्या नाहीत. लहान मूल कुठं घाबरलं तर आईनं तिथून निघताना नाव घेऊन हाक मारायची आणि गेलेल्या वाटेनंच घरी आणायचं, एवढं तर त्यांच्या वाड्यावर सगळेच करतात. हाक मारायची, हाताला धरायचं, घर येईपर्यंत मागे बघायचं नाही. गेलात फेरीनं आणि आणलीत भलत्याच रस्त्यानं. अर्धी वाट तशीच राहिली, आणि पोर तिथंच धक्क्यावर.

"आणि ही?" मी विचारलं. सेजल आमच्याकडे पाठ करून मेजाशी बसली होती. पेन्सिल चालत होती.

"ही शाणी आसा," ताई म्हणाल्या. "ही ऐकतली."

सेजलची पेन्सिल थांबली होती. थोड्या वेळानं ती परत चालू लागली.

४

"तुला हे पटतं?" साईशनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"तिकीट काढूया."

त्यानं उठून कपाटातून एजन्सीचं कार्ड काढून दिलं. त्यालाही तिची आठवण येत होती, हे मला त्या वेळी कळलं. इतके दिवस आम्ही एकमेकांपासून तेच लपवत होतो.

मी कारणं जमवली. मुलीची पाण्याची भीती घालवायची तर त्याच जागी परत न्यावं, असं मानसशास्त्रातही सांगतात. फेब्रुवारीत हवा चांगली असते. एजन्सीला फोन केला तेव्हा शीतल नावाच्या मुलीनं उचलला. मी म्हटलं, आम्हाला फक्त परतीचा प्रवास हवाय. तेरेखोलहून थिवीपर्यंत.

"फक्त परतीचा? मग जाणार कशा मॅडम?"

"गाडीनं. नवरा सोडणार."

"मग तोच परत आणेल की," ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. पण मी "तरीही द्या" म्हटलं तशी तिनं पुढं सांगितलं. फेरीला तिकीट नसतंच, आम्ही फक्त भरती-ओहोटी बघून वेळ देतो, ओहोटी लागायच्या आत धक्क्यावर पोचा. पुढं बस आणि रेल्वेची सीट आमच्याकडं. "पायी प्रवासी किती?"

"एक मोठी."

"आणि लहान?"

"एक."

"दोन," सेजल म्हणाली. ती वहीत डोकं घालून बसली होती, मान वर केली नाही.

मी फोनवर हात ठेवला. मला काय झालं असेल? मला आनंद झाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोरीनं आगाऊपणा केला होता. मी तिच्या पाठीवर चापट मारली, म्हटलं, "गप गो, मोठी आलीय सांगणारी!" ती हसली नाही. "सॉरी आई," म्हणाली आणि खोडरबर घेऊन काहीतरी खोडू लागली.

५

रविवारी दुपारी साईशनं आम्हाला तेरेखोलला सोडलं. ऊन चकचकीत होतं. धक्क्यावर पर्यटक फोटो काढत होते, कुणीतरी शहाळी विकत होतं. घाबरण्यासारखं तिथं काहीच नव्हतं आणि मला उलट ओशाळल्यासारखं झालं.

"मी गाडी घेऊन पुढं होतो," साईश म्हणाला. "तुम्ही येईपर्यंत चहा ठेवतो." त्यानं वाकून सेजलचा मुका घेतला. मग तो तसाच वाकून राहिला, तिच्या केसांत नाक खुपसून. ती शांत उभी होती. "बाबा, गाडी सावकाश चालव," ती म्हणाली.

फेरी आली. लोखंडी फळी उतारावर टेकली, आधी स्कूटर चढल्या, मग चालणारी माणसं. मी सेजलचा हात घट्ट धरला. आता हाक मारायची होती. शाळेच्या मैदानात ओरडणारी बाई मी, पण इतक्या माणसांसमोर लाज वाटली.

"सेजल, चल, घरी जाऊ," मी हळूच म्हटलं.

सेजलनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती पाण्याकडे बघत होती, उताराच्या डाव्या बाजूला, शेवाळ होतं तिथं.

"तशी ऐकू जायची नाय," ती म्हणाली. "मोठ्यान मार."

मी मोठ्यानं हाक मारली. फोटो काढणारे वळून बघू लागले. पाणी धक्क्याला लागत होतं आणि परत जात होतं. बाकी काही झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी मागे न बघता फळीकडे वळले.

फळीशी फेरीवरचा माणूस उभा होता. "सांबाळून, बाये," म्हणत त्यानं आधी मला हात दिला. मग सेजलला. मग त्यानं हात तसाच पुढं धरून ठेवला, जरासा वाकला, कुणाला तरी वर ओढून घेतल्यासारखा, आणि मग फळी उचलायला गेला.

तो शर्टाला ओला हात पुसताना मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला.

६

फेरीला मधे मोटारी आणि कडेनं चालणाऱ्यांसाठी बाक असतं. आम्ही बाकावर बसलो नाही. मी कठड्याला धरून केरीच्या बाजूला तोंड करून उभी राहिले. इंजिन धडधडत होतं. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, हे मी स्वतःला बजावत होते, आणि तरीही ऐकत होते. मागच्या लोखंडी पत्र्यावर पावलं वाजत होती. एक पाऊल सँडलचं, एक उघडं. दोन्ही ओली.

फेरीत पोरं असतातच. कुणाचं तरी मूल एक सँडल हातात घेऊन नाचत असेल. मी मान ताठ ठेवली. पावलं इकडून तिकडे पळाली, थांबली, परत पळाली. मग कुणीतरी कठड्यावर पाय ठेवून चढायला लागलं. "उतर खाली!" असं माझ्या अगदी ओठांवर आलं. ते मी किती दिवसांत कुणाला म्हटलं नव्हतं.

माझ्या हातातला हात घट्ट झाला.

"आई," सेजल म्हणाली.

"काय गो?"

"ती आली की मी खय जाऊ?"

तिनं हे रडून विचारलं नाही. उद्या शाळेत कुठला डबा न्यायचा ते विचारावं तसं विचारलं. मी खाली बघितलं. तिनं स्वतःच केस विंचरले होते, भांग सरळ होता, फ्रॉकचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, रिकामा पेला दाखवताना बघायची तशीच.

मग मला सगळं कळलं. ती हाकेच्या आधी का उठायची, साय का गिळायची, एकदाही का रडली नाही. तिला राहायचं होतं. तीन महिने ही पोर जीव तोडून आमच्याकडे राहायची परवानगी मागत होती, आणि मी तिच्यात दुसरीला शोधत होते.

केरीचा धक्का आला, फळी खाली पडली आणि माणसं उतरायला लागली. उत्तर न देताच मी तिला घेऊन उतरले.

७

पेडण्याचं स्टेशन तसं निवांत. बसमधून उतरून आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा मडगावकडं जाणाऱ्या पॅसेंजरला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. पाठीमागून कुणीतरी बाकाला लाथा मारत होतं, सारख्या, कंटाळलेल्या. त्या लाथांनी मी पूर्वी किती चिडायची! आता डोळे मिटून त्या अंगावर घेत बसले. मनात एकच होतं, थांबू नको, मार. आणि दुसऱ्या बाजूला सेजल मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचा तळवा ओला झाला होता. मी रुमालानं पुसला. थोड्या वेळात तो परत ओला झाला.

गाडीत आमच्या समोर एक आजी बसल्या होत्या. पाच मिनिटांत त्यांनी सगळं सांगून टाकलं. नाव उषा, गाव बेळगावकडचं, सावंतवाडीला भाच्याचं लग्न होतं, आता लेकीकडं चाललोय मडगावला. मग पिशवीतून कुंद्याचा डबा काढला.

"घे की गं बाळ."

सेजलनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली तेव्हा तिनं एक तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

"ही लाजतीया," उषाआजी हसल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. "मागची बघ की. हात पुढं करून उभारलीय."

त्यांनी उठून माझ्या डोक्यावरून हात लांब केला. हातात कुंद्याचा मोठा तुकडा होता. हात परत आला तेव्हा त्यात काही नव्हतं. माझ्या कानामागं मचमच खाल्ल्याचा आवाज आला आणि मानेवर साखरेचा, दुधाचा, गरम श्वास. माझ्या पोरीचा वास मी ओळखणार नाही?

मी ढसाढसा रडले. उषाआजी घाबरल्या, पाण्याची बाटली पुढं केली. सेजलनं आपल्या ओल्या हातानं माझे डोळे पुसले. हात बर्फासारखा गार होता. मला आता दोघींपैकी कुणाचीच भीती वाटत नव्हती. भीती एवढीच होती की थिवी येईल, घर येईल, आणि मला काहीतरी करावं लागेल.

८

थिवीहून रिक्षा केली. मयेला आमच्या वाड्याकडं वळणारा रस्ता पाइपांसाठी खणून ठेवलाय, म्हणून तिठ्यावर उतरून चालत निघालो. ऊन कलतं झालं होतं. मागची पावलं आता कोरडी होती. ती मागे पडायची, धावत जवळ यायची, वाळलेली पानं लाथाडायची. माझ्या हातातली सेजल चालताना आवाज करत नव्हती.

घर दिसलं. साईश दारात उभा होता.

त्यानं आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागे. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि हात पसरले. माझ्या कोपराला घासून कुणीतरी सुसाट पुढं गेलं. मला दिसली ती उडालेली वेणी आणि फ्रॉकचं टोक, एवढंच. साईशनं तिला उचललं आणि तो तिला घेऊन आत वळला, तिची पाठ थोपटत, काहीबाही बोलत. आतून आवाज आला, चिडका, खणखणीत.

"बाबा, आई किती उशिरा आली!"

मी धावले. दोन पायऱ्या चढले आणि मग मला कळलं की माझ्या हातात हात नाही.

तो निसटला नव्हता. तिनं सोडला होता.

घर आलं होतं. आता मागे बघितलं तरी चालणार होतं. मी बघितलं.

सेजल खालच्या पायरीवर बसली होती, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. भांग अजून सरळ होता. वेणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं, पायरीवर, पायरीवरून मातीत. फ्रॉक अंगाला चिकटला होता. हातातला कुंदा भिजून मऊ झाला होता, पण तिनं तो टाकला नव्हता.

"तू जा, आई," ती म्हणाली. "मी रडणार नाय."

आत सेजल हसत होती. काहीतरी खाली पडलं आणि ती आणखी मोठ्यानं हसली. साईशनं मला हाक मारली, "विनिता, ये ना गो, बघ तरी!" माझा जीव त्या दारात अडकला होता. त्या हसण्यासाठी मी काहीही दिलं असतं. पण ही पोर मी देणार नव्हते.

मी पायऱ्या उतरले आणि तिला उचललं. ती जड होती, आपल्या वजनाहून पुष्कळ जड, आणि तिच्या अंगातून गार पाणी माझ्या ब्लाउजमध्ये, पोटावर उतरत गेलं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले नाहीत. अवघडून राहिली. कुणी उचललं तर काय करायचं ते तिला ठाऊक नसावं.

"आई, ती रागावतली," ती माझ्या कानात म्हणाली.

"रागावू दे," मी म्हटलं. "चल आत. केस पुसूया आधी."

तेव्हा तिला रडू फुटलं. मोठ्यानं, तोंड वासून, गाव गोळा होईल असं. मी तिला घेऊन उंबरठा ओलांडला आणि पाठीमागं दार लावून घेतलं. पडवीत साईश दुसरीला कडेवर घेऊन उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलं. मग त्यानं तिला खाली ठेवलं आणि टॉवेल आणायला तो आत गेला.